थोरुनची जाळी आणि मी

मी हीटर बोलतोय. तलावाकाठच्या गिमली गावात थोरुन आणि लेइफ या नवराबायकोच्या गॅरेजमध्ये छताला टांगलेला असतो. चौकोनी अंग, पोटात तारांची वेटोळी, पाठीशी पंखा. माझ्याजवळ ज्योत नाही, धूर नाही. म्हणून दुकानात माझ्याकडे फारसं कोणी बघत नसे. लाल ज्योत दिसली की माणसांना आधीच ऊब वाटू लागते. मी म्हणजे नुसता घुमणारा डबा.

तलावाच्या कडेला बर्फ धरू लागला, तेव्हा थोरुन दुकानात आली. मागोमाग लेइफ, हात खिशात, मान खाली.

"गॅरेजसाठी हीटर दे," ती दुकानदार मेल्विनला म्हणाली. "आणि हा काय सांगेल ते ऐकू नकोस."

मग मला सगळं कळलं. शरदातल्या वादळात तिची मासेमारीची जाळी फाटली होती. बर्फ जाड झाला की तीच जाळी बर्फाखाली सोडायची असतात, त्याआधी ती सांधायला हवीत. पण थंडीत थोरुनची बोटं आखडतात. शेजारचा मासेमार ब्यार्नी दोन हिवाळे मागे लागला होता, "जाळी मला विक, मासेमारीचा परवाना विक, आणि घरात कॉफी पीत बस." यंदा जाळी वेळेत झाली नाहीत तर विकते, असं ती रागाच्या भरात बोलूनही बसली होती.

म्हणून लेइफने गॅरेजच्या भिंतींना आतून अस्तर लावलं, दाराखालची फट रबराने बुजवली आणि मासेमारीच्या खोपटातली गॅसची शेगडी आणून पेटवली. तलावावर बर्फात उभ्या केलेल्या खोपटात ती वर्षानुवर्षं बिनतक्रार जळत आली होती.

"माझ्या गाठी वाकड्या पडायला लागल्या," थोरुन सांगत होती. "आईने शिकवल्यापासून कधी पडल्या नव्हत्या. डोकं जड झालं. वळून बघते तर हा स्टुलावर पेंगतोय. एरवी ह्याला गादीवरही झोप येत नाही. ज्योत पिवळी पडलेली. आधी मोठं दार वर केलं, मग ह्याला बाहेर ओढलं."

"ओढलं काय, मी चालत आलो," लेइफ पुटपुटला.

"चालत? रांगत."

मेल्विनने चष्मा काढला. "लेइफ, खोपटाला चारी बाजूंनी फटी असतात रे. वारा आत-बाहेर करतो. गॅरेजच्या सगळ्या फटी तूच बुजवल्यास आणि तीच शेगडी आत ठेवलीस. मग तिचा विषारी वायू जाणार कुठून?"

कोपऱ्यातल्या सगळ्यात स्वस्त, छोट्या हीटरकडे लेइफने बोट केलं.

"तो तुझे पाय गरम करेल, फक्त पाय," मेल्विन म्हणाला. मोठा गॅसचा हीटर चांगला, पण त्याला छतातून धुराची नळी काढावी लागते, तो खर्च त्यांना झेपणारा नव्हता. त्याने गॅरेजची लांबी-रुंदी विचारली, पेट्रोलचे कॅन कुठे असतात ते विचारलं. ते आतच असतात म्हटल्यावर, "आधी ते बाहेरच्या शेडमध्ये," असं बजावलं. मग फळीवरून मला उचललं. विषारी वायूची सूचना देणारी एक डबीही माझ्यासोबत दिली.

मला बसवायला वायरमन ओलेक्सा आला. लेइफ जुनी एक्स्टेंशन वायर घेऊन तयारच होता.

"तिच्यावर नाताळचे दिवे लाव," ओलेक्सा म्हणाला. त्याने माझ्यासाठी विजेच्या मुख्य पेटीपासून वेगळी जाड वायर ओढली, मला भिंतीपासून आणि दोऱ्यांपासून लांब टांगलं, आणि बटण दाबलं.

मी घुमलो. थोरुनने हातमोजे काढले. थोडा वेळ माझ्याकडे तळवे करून उभी राहिली, मग जाळी सांधायची सुई उचलली.

त्या दिवसांत मी वरून तिचे हात पाहत होतो. जाळ्याचा फाटका डोळा कापायचा, दोरा घ्यायचा, गाठ ओढायची. एकही गाठ वाकडी पडली नाही. लेइफ शेजारी बसून सुयांवर दोरा गुंडाळून देई आणि मधूनच त्या डबीचं बटण दाबून बघे. डबी किंचाळली की समाधानाने पुन्हा बसे.

एके दुपारी ब्यार्नी डोकावला. "काय, कधी देतेस जाळी?"

"दार लाव, ऊब जातेय," थोरुन मान वर न करता म्हणाली.

बर्फ ट्रक पेलण्याइतका झाला त्या सकाळी जाळी तयार होती. ती घेऊन दोघं तलावावर गेली आणि गॅरेज रिकामं झालं. मी वाट बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठं दार उघडलं, आणि पिकरेल माशांनी भरलेले क्रेट एकामागून एक आत आले. मागून ब्यार्नीच शेवटचा क्रेट उचलून आणत होता. त्याच्या जाळ्यात निम्मेही सापडले नव्हते.

"पुढच्या वर्षी माझीही जाळी इथेच सांधून देशील का?" त्याने विचारलं.

"देईन की," थोरुन म्हणाली. "तू कॉफी करत बस."

लेइफ इतका हसला की त्याला स्टूल धरावं लागलं.

आता माझ्या तोंडावरच्या जाळीवर धूळ बसते, पत्र्याला एक पोचा आहे. हिवाळ्याआधी थोरुन शिडी लावून मऊ ब्रशने मला पुसते. तुमच्या घरीही माझा कोणी भाऊबंद असेल, तर एवढंच करा. त्याच्यावर ओले मोजे वाळत घालू नका, त्याच्याभोवती मोकळी जागा ठेवा. बाकीचं आम्ही बघतो. सध्या माझ्यासमोर, अंतर राखून दोन घरांची जाळी टांगली आहेत, आणि मी जोरात घुमतो आहे.