पिठातलं पाऊल

"आबा, टोपली उचला ना," माझी लेक दिशा म्हणाली. माझा हात काही पुढं होईना.

आदल्या दिवशीच तिच्या आईला, माझ्या चंद्रकलेला, पोहोचवून आलो होतो. ती गेली त्या जागी तांदळाचं पीठ पसरलं, त्यावर टोपली झाकली, शेजारी दिवा लावला. सकाळी पिठात ज्याचं पाऊल दिसेल त्या जन्माला माणूस गेलं, असं आमच्या सापगावात मानतात. मी नाही मानत. भातसानगरला धरणावर बत्तीस वर्षं राखण केली, कधी कशाला भ्यालो नाही.

शेवटी तिनंच टोपली उचलली.

"मांजराचं हाय! ढब्बूच शिरला आसल मेला."

टोपलीवर ठेवलेला वरवंटा तर जागचा हलला नव्हता. आणि ढब्बू म्हणजे दिवसभर माझ्या नडगीवर डोकं आपटणारा बोका, पंजे लाडवाएवढे. दुसरी मांजर चिमणी, पदर चोखत झोपणारी, तिचे अगदीच इवले. पिठातल्या पावलाला एक बोट कमी होतं.

एक बोट कमी होतं ते आमच्या तिसऱ्या मांजरीला, मुकीला. तिनं जन्मात कधी म्यांव केलं नाही. रोज दुपारी चारला चंद्रकलेच्या गालावर पंजा ठेवायची, चहाला उठवायची. माझ्याकडं मात्र ढुंकून बघायची नाही. दोन महिन्यांपूर्वी तिनं माझे बोंबील पळवले आणि माझं डोकंच फिरलं. गोणीत घातली आणि एसटीनं नेऊन मुरबाड स्टँडच्या मागं सोडून आलो. बायकोला म्हटलं, "गेली आसल कुटं, येल." ती बिचारी आठ दिवस गावभर हाका मारत फिरली, "मुके, ये गो!" मग अंथरुणाला खिळली. शेवटपर्यंत दाराकडं बघत होती आणि मी नालायक गप्प बसलो.

"हां, ढब्बूच आसल," मी दिशाला म्हणालो. तिनं पीठ नदीत सोडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जरा डोळा लागला. गालावर काहीतरी मऊ, गार टेकलं. दचकून उठलो. दार बंद होतं. ढब्बू आणि चिमणी कोपऱ्यात शेपट्या फुगवून माझ्या उशीकडं बघत होती. घड्याळात चार वाजले होते. गालाला हात लावला तर बोटं पांढरी झाली.

"चंद्रे, मीच सोडली गो तिला!" मी ओरडलो. रडतच उठलो आणि पायात चपला सरकवल्या.

दिशा धावत आली. "आबा, सुतकात कुटं निघाले?"

"मुकीला आनाया."

मुरबाड स्टँडच्या मागं कचऱ्याशी उभा राहिलो आणि चंद्रकला मारायची तशी हाक मारली, "मुके, ये गो!"

एक जीपवाला हसला. "बाबा, गालाला पीठ लागलाय."

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो आणि परत हाक मारली.