कर्ण्याने ऐकलेली हरकत

मी एक जुना कर्णा आहे, मित्रांनो. पत्र्याचा, रुंद तोंडाचा, एका बाजूला पोचा पडलेला. तोंड मोठे असले तरी माझा जीव मागच्या डबीत आहे. तेथे लोहचुंबकाच्या फटीत बारीक तारेची गुंडाळी असून तिला पातळ पडदा जोडलेला आहे. तारेतून वीज आली की गुंडाळी थरथरते, पडदा थरथरतो आणि माणसाचा आवाज टेकडी ओलांडतो. कारखान्यात माझे भाग जोडणाऱ्या कारागिराने मला प्रथम तपासले, तेव्हा तो नुसते 'हॅलो' म्हणाला. त्या एका शब्दाने सगळ्या माना वळल्या. मी स्वतःच चकित झालो.

पुढे एका आमदारबाईंनी मला जीपच्या टपावर बसवले. निवडणूक संपली की कर्णे माळ्यावर जातात. माझे काम मात्र बाई निवडून आल्यावरच सुरू झाले. सभागृहात कोणत्या कायद्याचा मसुदा आला आहे आणि त्यात काय लिहिले आहे, हे सांगत त्या डोंगरातल्या वस्त्यांवर फिरत. 'कलम' म्हटले की लोक जांभया देत. म्हणून बाई 'तुमची वाट', 'तुमचं पाणी' असे बोलत. लोक मला 'बाईंचा घसा' म्हणू लागले. हे नाव मी अभिमानाने मिरवले.

एकदा रानाभोवती कुंपण घालण्याचा मसुदा आला. रोपे वाचावीत, हा हेतू चांगलाच होता. दुसऱ्या दिवशी बाईंना सभागृहात आपल्या भागाचे मत सांगायचे होते. प्रत्येक वस्तीवर सगळे समजावून त्या शेवटी विचारीत, "कोणाची काही हरकत?" आणि सगळीकडून उत्तर येई, "छे छे, काही हरकत नाही!"

"ताई, एकमुखी पाठिंबा आहे," त्यांचे सहायक खूश होऊन म्हणाले.

शेवटच्या वस्तीवर शेळ्या राखणाऱ्या एका आजींनीही तेच म्हटले आणि बाईंच्या हाती पाण्याचा पेला दिला.

"किती गोड पाणी आहे हो, आजी. कुठलं?"

"रानातल्या झऱ्याचं. कुंपण झालं की बंदच आता."

पेला बाईंच्या ओठांशीच थांबला. "अहो, मग हरकत नाही कशाला म्हणालात?"

"अगं बाई, एवढ्या उन्हातून आलीस, घसा कोरडा करून बोललीस. तुला तोंडावर हरकत आहे म्हणू? आम्ही काय तसली माणसं आहोत?"

"आजी, उद्या मी तुमचा होकार सांगणार होते!"

"होकार? तो कधी दिला मी?"

जीप चालवणारे मामा हसू लागले. "ताई, यांची हरकत नाही म्हणजे बसा, चहा घ्या, एवढंच!"

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माईक आजींसमोर धरला. "मी विचारलंच चुकीचं. कुंपणानं तुमचं काय अडेल, ते यात सांगा."

"यात? चावणार नाही ना हे?" आजी कुजबुजल्या. मग हळूच म्हणाल्या, "पाणी अडेल."

मित्रांनो, माझ्या पडद्याला माणूस ओळखता येत नाही. आमदाराचा आवाज आणि आजींचा आवाज त्याला सारखाच. ते दोन शब्द खोऱ्यावरून गेले, कड्याला लागले आणि परत आले. आजींनी दचकून वर पाहिले. "हे मी बोलले?" समोरच्या उतारावर लाकडे वेचणाऱ्या बायका थांबल्या आणि तिकडून ओरडल्या, "आमचंही!"

माझ्या पत्र्यावर शहारा आला असता, तर तो त्या क्षणी आला असता.

"ताई, उशीर होतोय. उद्या सभागृह आहे," सहायकांनी आठवण करून दिली.

"तिथे मला यांचंच म्हणणं मांडायचंय ना? मग ते ऐकायला नको? मामा, वळवा गाडी."

आल्या वाटेने आम्ही पुन्हा प्रत्येक वस्तीवर थांबलो. कोठे वैरणीची वाट अडत होती, कोठे शाळेची. ज्यांनी आयुष्यात कधी सभेत तोंड उघडले नव्हते, त्यांचे आवाज माझ्यातून डोंगरभर घुमले. दुसऱ्या दिवशी बाईंनी सभागृहात हरकत नोंदवली. कुंपण झाले, परंतु झऱ्याकडे आणि वाटांवर फाटके ठेवून.

आता बातम्या मोबाइलवर येतात. मी कार्यालयाच्या माळ्यावर पडून आहे. पडद्याला भेग गेली आहे आणि तोंडात कोळ्याने घर केले आहे. मला खाली उतरवा, पुसा, नवा पडदा बसवा. मी अजून चालेन. आणि तुम्ही मोठे होऊन चार लोकांना काही समजावून सांगाल, तेव्हा 'हरकत नाही' ऐकून लगेच निघू नका. जरा थांबा, वेगळे विचारा आणि माईक समोरच्याच्या हाती द्या. त्याच्या आवाजानेही डोंगर बोलतो. मी तो बोलताना ऐकला आहे.