तांब्याच्या सळ्यांचा रोटर

जऊळक्याच्या तेलगिरणीतली अवाढव्य सिंक्रोनस मोटार बंद पडली. तिच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, डीसी वीज पुरवणारं यंत्र जळालं होतं आणि तसं आता कुठं मिळत नव्हतं. मालकीण ज्योत्स्नाबाई मोटार भंगारात काढायला निघाल्या.

मंगरूळपीरला मोटारी दुरुस्त करणारी पौर्णिमा म्हणाली, "भंगारात कायले देता, काकू? तांब्याच्या सळ्यांचा नवा रोटर बसवू. त्याले डीसी लागतच नाही. इंडक्शन मोटार होईन."

"फिरन का पण?"

"नाही फिरली तर मीच घाणा ओढतो!"

रोटर बसला. पौर्णिमानं बटण दाबलं. मोटार घुमली, पट्टा पळू लागला आणि करडीच्या तेलाची धार सुटली. ज्योत्स्नाबाईंनी ओंजळभर तेल पौर्णिमाच्या टाळूवर थापलं.

"काकू, आत्ताच नाहून आली ना मी!"

सगळी गिरणी हसली.