हरिओमचा पहिला घास

"स्टँडासमोर नको. तिथं भात एकदाच वाढत्यात. दुसऱ्यांदा मागितला की मालक पंख्याकडं बघत बसतो," बालाजी म्हणाला.

मागच्या सीटवर सिताराममामा उखडले. "आरं, पण वरण तरी घट्ट असतंय! तुज्या त्या फाटकाजवळच्या ढाब्यात शेवभाजीत शेव हुडकावी लागती. बिल मात्र लग्नाच्या पंगतीचं."

जीप गंगाखेडहून निघाली होती. राजेश्रीच्या अस्थी गोदावरीत सोडून झाल्या होत्या. हरिओम, तिचा नवरा, ड्रायव्हरशेजारी. मांडीवर ओला पंचा. पाण्याचा डाग पँटीवर पसरत चालला होता आणि ती पँट दुसऱ्याच कुणाची तरी असावी, तसा तो बघत होता.

भूक सगळ्यांना लागली होती. बोलायला दुसरं काही सुचत नव्हतं.

शिवाय हा विषय त्याचाच. टेम्पो चालवता चालवता हरिओमनं जिल्ह्यातलं एकेक हॉटेल चाखलेलं. पेडगावातून कुणी बाहेर निघालं की आधी त्याला विचारायचं, जेवायचं कुठं?

"दादा, तूच सांग की," बालाजी, त्याचा धाकटा भाऊ, सवयीनं बोलून गेला. मग जीभ चावली.

ड्रायव्हरनं उगाच गिअर बदलला.

"फाट्यावर पत्र्याचं हॉटेल हाय," हरिओम म्हणाला. "मसाल्याचं वांगं. भाकर गरम. रस्सा मागंल तितका. पैसे वसूल."

आवाज नेहमीचाच होता. कुठून आला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

पत्र्याचं हॉटेल.

पाच ताटं आली. कुणी हात लावला नाही. ज्याचं माणूस गेलं त्यानं पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. अशी रीत.

राजेश्रीचा मोठा भाऊ दत्तराव खुर्ची ओढून जवळ सरकला. बहीण गेल्यापासून दाजीच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. घरी पोचायच्या आत त्याला जेवू घालायचं, एवढंच दत्तरावनं मनाशी धरलं होतं.

"दाजी, घ्या."

"तुमी घ्या."

"तुमच्या आधी कसं घ्यावं? मामाला शुगर हाय. हात कापायलेत बघा त्यांचे."

"मला काई होत न्हाई," मामा म्हणाले. हात मात्र कापत होते.

भाकरीची वाफ गेली. एक माशी ताटाभोवती फिरून गेली.

हरिओमनं तुकडा मोडला. बुडवला. तोंडात घातला.

चावला.

गेला खाली. दुसराही गेला. जबडा आपला चालू, उताराला सोडलेल्या गाडीसारखा.

"कसं झालंय वांगं?" दत्तरावनं विचारलं.

"लय भारी. म्हणलं नव्हतं?"

मग चौघांनी एकदमच घास घेतला.

भाजीत मीठ नव्हतं. कणभरही नाही.

बालाजीनं मामांकडं पाहिलं. मामांनी दत्तरावकडं. वेटर जवळून चालला होता. ड्रायव्हर त्याला हाक मारणार, तोच टेबलाखाली दत्तरावचा पाय त्याच्या पायावर पडला.

मिठाची डबी टेबलावरच होती. दत्तरावनं ती हळूच उचलली आणि खाली, खुर्चीच्या पायाशी ठेवली.

हरिओम जेवत होता. अर्धी भाकर संपली होती.

"मामा," मान वर न करता तो म्हणाला, "घ्या की अजून."

मामांनी ताट पुढं केलं.