गेळफळाची पूड आणि रक्ताचा थेंब

मी एक सूक्ष्मदर्शक. काळा, जड आणि एका डोळ्याचा. माझ्याशी कुणी बोलत नाही. माणसं माझ्यातून पाहतात, माझ्याकडे कुणी पाहत नाही. म्हणून आज मीच तोंड उघडलं आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या कारागिरांनी माझी पितळी चाकं घासली, भिंगं बसवली आणि लाकडी पेटीत भुसा भरून मला रवाना केलं. शेवटचा प्रवास एसटीच्या टपावरून झाला आणि मी गडचिरोलीत उतरलो. जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमचं कॉलेजही नवंच, वर कवेलूंचं छप्पर, खाली शहाबादी फरशी. विजेचा भरवसा नव्हता, पण मला वीज लागतच नव्हती. पायाशी आरसा आहे. तो उन्हाकडे वळवला की माझं काम सुरू.

पोरं यायची, डोळा लावायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला स्वतःच्या पापण्याच दिसतात. "सर, किडे दिसून राह्यले!" असं ओरडून ती हसायची आणि पळायची. तास संपला की मी पुन्हा पेटीत.

मग मला सत्यशीलाबाई भेटल्या.

बाई रसायनशास्त्र शिकवायच्या. चिमूरकडच्या एका खेड्यातल्या. वडील हरिदासगुरुजींनी बाबासाहेबांचं नाव घेत मुलीला एमएस्सीपर्यंत शिकवलं आणि तिला नोकरी लागायच्या आधीच ते गेले. आईही मागोमाग गेली. बाई भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. सुट्टीच्या दिवशी सगळे आपापल्या गावी जात, तेव्हा त्या प्रयोगशाळेत येत.

झाडलोट करणाऱ्या रुखमाबाईंशी तेवढ्या त्या मोकळेपणी बोलायच्या. एकदा सत्यशीलाबाईंनी त्यांना सांगितलं, "आमच्या गावी ओढ्यात रानातलं गेळफळ कुटून टाकत. पाण्यावर फेस यायचा अन् मासे उलटे होऊन वर यायचे. तेच मासे आम्ही खाल्ले, आमाले काही नाई झालं. मंग मासे काऊन मरत होते?"

"तुम्हीच सांगा बाई, तुम्ही शिकल्या," रुखमाबाई म्हणाल्या.

"तेच तर शोधून राह्यले."

तो फेस आणणाऱ्या द्रव्याचं नाव सॅपोनिन. बाईंनी त्यावरच पीएचडी धरली होती. गेळफळं वाळवायची, कुटायची, त्यातलं तेल काढून टाकायचं, उरलेला चोथा अल्कोहोलमध्ये उकळायचा. मग तो अर्क काचेच्या बंद नरसाळ्यात पाणी आणि त्यात न मिसळणारं ब्युटेनॉल यांच्यात हलवायचा. हलवला की असा फेस चढायचा की दोन थर वेगळे व्हायला दुपार जायची. बाई समोर स्टुलावर हनुवटीला हात लावून बसून राहायच्या. शेवटी त्या अर्कात ईथर ओतलं की तळाशी पिवळसर पूड बसायची. हवा लागली की ती लगेच ओलसर होई, म्हणून बाई तिला घट्ट बुचाच्या बाटलीत जपायच्या.

थोडी पूड त्यांनी मुंबईच्या एका संस्थेत पाठवली. तिथे कर्करोगाच्या पेशी बाटलीत वाढवतात. उत्तर आलं: पेशी मेल्या, अगदी थोड्या पुडीनं मेल्या. त्या दिवशी बाईंनी रुखमाबाईंना पेढा दिला. दुसरं कुणी नव्हतंच द्यायला.

त्यांचे विद्यापीठातले मार्गदर्शक बाईंहूनही खूश झाले. इतके की एका बातमीदाराला बोलून बसले. पेपरात आलं: गडचिरोलीच्या जंगलात कॅन्सरचं औषध.

इकडे बाई रोज माझ्यातून वेगळंच पाहत होत्या. त्या सुईनं स्वतःचं बोट टोचायच्या. रक्त मिठाच्या पाण्यात मिसळून एक थेंब काचेवर ठेवायच्या. मला दिसायच्या त्यांच्या तांबड्या पेशी, गोल, मध्ये किंचित दबलेल्या, एकमेकींना टेकून बसलेल्या. मग बाजूनं पुडीच्या पाण्याचा थेंब आत सरकायचा. एकेक पेशी फिकट व्हायची. नुसती कडा उरायची. मग तीही नाही.

बाईंनी पूड कमी करून पाहिली, अजून कमी करून पाहिली. जेवढ्या पुडीनं कर्करोगाची पेशी मरत होती, तेवढ्यानंच रक्ताचीही फुटत होती. माशाच्या कल्ल्यांतून विष थेट रक्तात जायचं. माणसाच्या पोटातून ते सहसा जात नव्हतं. लहानपणीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, पण बाई हसल्या नाहीत.

बातमी आली त्याच आठवड्यात जहीरभाऊ आले. बाजारात त्यांचं घड्याळं आणि चष्मे दुरुस्तीचं दुकान. माझं अडकलेलं चाक त्यांनीच एकदा सोडवलं होतं. त्यांच्या बायकोला, सुलतानाला, गाठ झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी उशीर झाला असं सांगितलं होतं.

"बाई, पेपरात आलं म्हणते," ते दारातूनच बोलले. "थोडीशी द्या. पाण्यात देतो, सुईनं देतो, जसं सांगाल तसं."

"जहीरभाऊ, ते औषध नाई. अजून नाई."

"अजून नाई म्हणता. तिच्यापाशी कुठी टाइम आहे?"

बाई उठल्या. त्यांनी बोट टोचलं, काच माझ्याखाली सरकवली, आरसा वळवला आणि म्हणाल्या, "या. हे माझं रक्त आहे. पाहा."

जहीरभाऊंनी डोळा लावला. भिंगाच्या कामातला माणूस, त्याला पापण्या दिसल्या नाहीत. बाईंनी थेंब सोडला. जहीरभाऊंचा श्वास माझ्या नळीवर येत होता, तो मध्येच थांबला.

"कुठी गेले सगळे?"

"फुटले. पाण्यात देलं तर गाठीपर्यंत पोचणार नाई, अन् सुईनं देलं तर भाभीच्या अंगात हेच होईल."

ते बराच वेळ डोळा काढेनात. खाली पाहण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, नुसतं तांबूस पाणी. मग ते उठले आणि गेले.

गावात बोभाटा झाला. बाईंनी औषध दाबून ठेवलं, मुसलमानाला दिलं नाही, असंही कुणी बोललं. बाईंनी पेपराला खुलासा पाठवला. तो छापूनच आला नाही. मार्गदर्शक प्रयोगशाळेत येऊन म्हणाले, "रक्ताचा भाग सध्या बाजूला ठेवा. नंतर वेगळा निबंध करू."

"सर, तो भाग काढला तर उरलेलं खोटं होईल," बाई म्हणाल्या.

त्यानंतर सर आले नाहीत. त्यांचा होकार मिळेना, आणि बाईंचं काम वर्षानुवर्षं लांबलं. इतर प्राध्यापक चहाला हाक मारीनासे झाले. दुपारी बाई माझ्या शेजारी डबा उघडायच्या, दोन घास खायच्या आणि बंद करायच्या.

सुलताना गेली.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी जहीरभाऊ प्रयोगशाळेत आले. हातात स्टीलचा डबा होता.

"तिच्या नावाचं जेवण आहे," ते म्हणाले. "घरी या म्हटलं असतं, पण लोकं बोलतील तुमाले. म्हणून इथी आणलं."

बाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमाले राग नाई?"

"होता. मंग ते काचेवरचं तांबडं पाणी आठवते." ते दाराकडे वळले. "शेवटी तिनं मले ओळखलं, बाई. माझ्या हातचं पाणी पेली. दुसरं काही देलं असतं तर तेवढंही राह्यलं नसतं."

ते गेल्यावर बाईंनी डबा उघडला. त्या दिवशी त्यांनी शेवटचा घाससुद्धा ठेवला नाही. जेवता जेवता रडत होत्या आणि डोळे मनगटानं पुसत होत्या.

पुढे मार्गदर्शक बदलले आणि प्रबंध मंजूर झाला, रक्ताच्या पानांसकट. बाईंना राजुऱ्याच्या कॉलेजात जागा मिळाली. निघायच्या दिवशी त्यांनी माझी भिंगं मऊ कापडानं पुसली, मला पेटीत ठेवलं आणि झाकणावर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या. नंतर त्यांची पावलं व्हरांड्यातून लांब गेली.

आता कॉलेजात दिव्याचे, दोन डोळ्यांचे नवे सूक्ष्मदर्शक आले आहेत. माझ्या भिंगावर बुरशीचं जाळं धरलं आहे आणि पेटीच्या एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. माझी तक्रार नाही. फक्त एखाद्या आश्रमशाळेला हवा असेन तर मला देऊन टाका. पोरांनी झाडाचं पान ठेवावं, डबक्याचं पाणी ठेवावं, मुंगीचा पाय ठेवावा. काहीही चालेल. पण पाहून लगेच पळू नये. थोडा वेळ माझ्याजवळ बसावं.