दोन हाका

ऑरिनच्या शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी लाइल स्टॅम्परने दारातच पिस्तूल रिकामं केलं, गोळ्यांचं मॅगझिन खिशात टाकलं आणि मग आत जाऊन पिस्तूल टेबलावर ठेवलं. चाळीस वर्षं लोकांच्या बंदुका दुरुस्त करून ऑरिनचे डोळे अधू झाले होते. जीभ मात्र शाबूत होती.

"झुकलास शेवटी बायकोपुढे," तो म्हणाला.

"अजून काही ठरवलं नाही. नुसतं बघायला आलोय."

"सगळे नुसतं बघायलाच येतात, लेका. मग लावून जातात."

लाइलची बायको ग्लेंडा महिनाभर त्याच्या मागे लागली होती. हे पिस्तूल तीन वर्षांपूर्वी शेरीफच्या कचेरीत जमा झालं होतं. वर्षभराने एका खाकी पाकिटातून, नंबराच्या चिठ्ठीसकट परत आलं आणि मग दोन वर्षं कपाटाच्या तळाशी पडून राहिलं. या वसंतात शेजारच्या रस्त्यावर चोरांनी दोन घरं फोडली, तेव्हा लाइलने ते बाहेर काढलं, तेल दिलं आणि पुन्हा कमरेला लावलं. ग्लेंडा नको म्हणेल असं त्याला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "लावतोस तर लाव. पण त्याला लेझर बसवून घे." मग सकाळी अंडी तळताना तेच, चर्चहून परतताना गाडीत तेच. "लाल ठिपका छातीवर पडला की माणूस जागच्या जागी थांबतो म्हणतात," ती म्हणायची. बाई घाबरली आहे, अशी लाइलने समजूत करून घेतली. समजूत करून घ्यायला त्याला कधीच फार वेळ लागत नसे.

आता तीन वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. गावात ते सगळ्यांना पाठ आहे, आणि सगळ्यांनाच चुकीचं पाठ आहे. मार्च महिना, भर दुपार. लाइल कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं खांद्यावर घेऊन दुकानातून बाहेर आला. ग्लेंडा गाडीत बसली होती आणि एक पोरगा तिच्या बाजूचं दार हिसकत होता. जॅरड कीहो, वय वर्षं एकोणीस. नशेने गालफडं बसलेली, हातात लांब स्क्रूड्रायव्हर. पोतं खाली पडलं त्या आवाजाने तो वळला आणि दोन पावलं पुढे आला. दोघांमध्ये पंधराएक फूट असतील. लाइलने दोन गोळ्या झाडल्या.

सरकारी वकिलाने आठ दिवसांत कागद मिटवले. स्वसंरक्षण, विषय संपला. लाइलने जबानीत सांगितलं होतं, "मी आधी दोनदा ओरडलो. थांब, थांब म्हणालो. तो थांबला नाही." ग्लेंडाने दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर अक्षरशः तेच सांगितलं. गावात लाइलला लोक आपणहून कॉफी पाजू लागले. पाठीवर थाप मारून कुणीतरी म्हणायचंच, "तू त्याला संधी दिलीस, गड्या. दुसऱ्या कुणी दिली नसती."

लाइल ओरडला नव्हता. एकदाही नाही. तोंडातून शब्दच निघाला नव्हता. पण ग्लेंडाची जबानी त्याने पुढे वाचली तेव्हा त्याच्या मनात एक चमत्कारिक आशा आली: तिने ऐकलं असेल, तर कदाचित आपण ओरडलोही असू. त्या आशेवर तो तीन वर्षं जगत होता. हे नीच होतं, आणि ते त्यालाही कळत होतं.

त्यातच एकदा मार्लीन कीहो भेटली, जॅरडची आई. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, ठेंगणी, हात कायम लाल झालेले. किराणा दुकानात डब्यांच्या रांगेपाशी तिने आपली ढकलगाडी त्याच्या गाडीसमोर उभी केली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"एकच विचारायचंय, लाइल. माझ्या पोराला थांब म्हणालास ना तू?"

"दोनदा," लाइल म्हणाला.

तिने बराच वेळ मान डोलावली. "मग बरं. म्हणजे त्याला कळलं तरी होतं. थँक्यू." आणि गाडी ढकलत ती पुढे गेली. तिच्या गाडीत फक्त बटाटे आणि पावाची एक लादी होती, हे लाइलला अजून आठवत होतं.

"हे बघ," शेडमध्ये ऑरिनने टेबलाच्या खणातून दोन डब्या काढल्या. "मुठीच्या पट्ट्या बदलायच्या, बस. मधल्या बोटाखाली बटण येतं. मूठ आवळलीस की ठिपका पेटतो, सैल केलीस की विझतो. माझं स्वतःचं मत विचारशील तर ही सगळी खेळणी. नळीच्या टोकावर ती उंचवट्याची माशी दिलीय देवाने, तिच्यावरून नेम धरायचा. ठिपक्याची सवय लागलेला माणूस ऐन वेळी ठिपकाच शोधत बसतो."

"मग विकतोस कशाला?"

"कारण आपल्या वयाला ती माशी दिसत नाही. तुला दिसते?"

लाइलला दिसत नव्हती. पण तो त्यासाठी आला नव्हता. "ग्लेंडा म्हणते, ठिपका पाहून माणूस थांबतो."

"थांबतो तर. दहातले आठ तिथेच ढेपाळतात. गोळी झाडायची पाळीच येत नाही." ऑरिन हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे आणि आकडा त्याच्या मनचा होता. पण लाइलने तो खरा धरला. दहातले आठ.

"भर दुपारी?" त्याने विचारलं. "कडक उन्हात?"

"उन्हात लाल दिसत नाही."

लाइलने श्वास सोडला. मार्च महिना, भर दुपार, डांबर तापलेलं. दिसला नसता. म्हणजे ठिपका असता काय नि नसता काय. क्षणभर त्याला इतकं हलकं वाटलं की तो हसलासुद्धा.

"म्हणून तर हिरवा घे," ऑरिन दुसरी डबी उघडत म्हणाला. "हिरवा उन्हातही दिसतो. माझ्या समोरच्या कुंपणावर बघ." त्याने पट्टी हातात घेऊन खिडकीतून नेम धरला. ऊन लख्ख होतं आणि कुंपणाच्या पांढऱ्या फळीवर हिरवा ठिपका स्वच्छ दिसत होता. लाइलचं हसू गेलं.

"बसव," तो म्हणाला.

घरी आला तेव्हा एक वाजून गेला होता. ग्लेंडा धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिने फक्त वर पाहिलं आणि "बसवलास?" म्हणून विचारलं. त्याने मान डोलावली आणि झोपायच्या खोलीत जाऊन दार लोटलं.

कपाटाच्या दाराला उंच आरसा होता. लाइलने पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, गोळी बसते त्या खाचेत करंगळीचं टोक घालून पाहिलं. मग आरशासमोर उभा राहिला आणि आरशातल्या माणसाच्या छातीवर नेम धरला. मूठ आवळली. हिरवा ठिपका आरशावरून उलटून थेट त्याच्याच शर्टाच्या दुसऱ्या बटणाजवळ येऊन बसला.

पण तो तिथे बसलाय हे त्याला खाली मान घातल्यावर कळलं. तोवर तो ठिपक्याकडे पाहतच नव्हता. पिस्तूल रोखणाऱ्या माणसाच्या छातीकडे कोण बघतं? स्वतःच्या छातीकडे तरी कोण बघतं? तो आरशातल्या माणसाच्या तोंडाकडे पाहत होता. आणि मग ते पोरगं त्याला जसंच्या तसं आठवलं. पुढे टाकलेली दोन पावलं, खाली गेलेला स्क्रूड्रायव्हर, हो, हात खाली गेला होता, आणि डोळे लाइलच्या तोंडावर. हा म्हातारा काय म्हणतोय, याची वाट बघणारे डोळे.

दार उघडलं. ग्लेंडा टॉवेलांची चळत घेऊन उभी होती.

"दिसतो का नीट?"

"दिसतो."

"मग झालं तर."

"त्याला दिसला नसता, ग्लेंडा. तो माझ्या तोंडाकडे बघत होता." लाइलने पिस्तूल खाली घेतलं. "मी ओरडलो नव्हतो."

ग्लेंडाने टॉवेल पलंगावर ठेवले, कडेचा एक सरळ केला. "माहितेय मला."

"तू जबानीत सांगितलंस..."

"तू सांगितलंस म्हणून सांगितलं. शेरीफची गाडी यायच्या आधी माझ्या खिडकीशी येऊन तू काय विचारलंस ते आठवतं का? 'मी ओरडलो ना? दोनदा ओरडलो ना?' तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मी हो म्हणाले. काय म्हणणार होते दुसरं?"

लाइलला आठवत नव्हतं. तो पलंगाच्या कडेवर बसला. ज्या जबानीवर त्याने इतके दिवस जीव टांगला होता, ती त्याचीच होती, दुसऱ्या तोंडून आलेली.

"म्हणून लेझर," तो म्हणाला.

"मग कशासाठी? मला चोरांची भीती वाटते म्हणून?" ग्लेंडाचा आवाज चढला. "तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही, लाइल. आपल्या लग्नात पाद्र्याला दोनदा विचारावं लागलं, सगळे हसले होते. तुझी आई गेली तेव्हा दवाखान्यात सगळ्यांशी मीच बोलले. चालवून घेतलं मी, चाळीस वर्षं. पण कमरेला ते लावून फिरणार असलास, तर पुढच्या वेळी निदान त्या ठिपक्याने तरी काही बोलावं की नाही?"

त्याने पिस्तूल पलंगावर ठेवलं.

"ओरड बघू," ती म्हणाली. "आत्ता. इथे. मी समोर उभी आहे. म्हण थांब."

लाइलने तोंड उघडलं. नुसती हवा आली. ग्लेंडाने क्षणभर वाट पाहिली, मग चेहरा फिरवला आणि टॉवेल कपाटात रचू लागली. ती रडत होती हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

चळत संपत आली तेव्हा त्याने विचारलं, "मार्लीन किती वाजता सुटते?"

तिचे हात थांबले. "अडीचला. भांडी झाली की." मग घाईघाईने, "लाइल, तिला सांगून काय होणार? तिचं पोर परत येणार आहे? आणि मी सही केलीय त्या कागदावर. तुझ्याबरोबर मलाही ओढतील."

"माहितेय."

"तिला निदान एवढं तरी समाधान आहे."

"ते मीच दिलंय तिला," लाइल म्हणाला. "मला थँक्यू म्हणाली ती, ग्लेंडा."

ग्लेंडाने डोळे पुसले आणि त्याची टोपी त्याच्या हातात दिली. जा म्हणाली नाही, नको जाऊस असंही म्हणाली नाही.

पिस्तूल पलंगावरच राहिलं. शाळेच्या आवारात नेता येत नाही, पण ते कारण त्याला गाडी सुरू केल्यावर सुचलं. वळणावर सवयीने हात कमरेशी गेला आणि नुसता पट्टा हाताला लागला.

शाळेमागच्या मोकळ्या जागेत ऊन रणरणत होतं. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि मार्लीन बाहेर आली. एका हातावर एप्रन, दुसऱ्या हातात उरलेल्या जेवणाचा डबा. तिचं लक्ष नव्हतं. लाइलकडे पाठ करून ती आपल्या जुन्या गाडीकडे भराभर चालू लागली. दोघांमध्ये पंधराएक फूट असतील. तिने किल्ली काढली, दाराला लावली. आता ती बसेल आणि निघून जाईल, आणि मग उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात, असं करत करत आपण मरून जाऊ, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"थांब," लाइल म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. फाटकाच निघाला. पण त्या एका हाकेला मार्लीन कीहो जागच्या जागी थांबली, आणि वळून त्याच्या तोंडाकडे बघू लागली.