संमतीचा अंगठा

आमच्या गल्लीत चाळीस घरं. ती पाडून बावीस मजली इमारती उभ्या करायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं. तीस घरांनी होकार दिला की काम सुरू. आमचा धंदा गाद्यांचा. कापूस पिंजून अंगणात उन्हाला घालायचा, मग शिवायचं. मला अकराव्या मजल्यावर घर मिळणार होतं. ऊन कुठे मिळणार, ते नकाशात नव्हतं.

सुनावणीला साहेबांनी यादी वाचली. होकार तीस, नेमके तीस. त्यात माझं नाव.

"मी कधी हो म्हटलं?" मी उभी राहिले.

"आजी, अंगठा आहे की तुमचा."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. शाळा मी दुसरीत सोडली, हे खरं. पण चाळिशीत जिद्दीनं सही शिकले. तेव्हापासून माझा अंगठा दाभण टोचून घ्यायलाच उरलाय. मी पुढे गेले, साहेबांचं पेन घेतलं आणि त्यांच्याच वहीवर आडनावासकट सही ठोकली.

"आता दाखवा तो कागद."

ठशाच्या मधोमध आडवी पांढरी रेघ होती. पिंजणयंत्रात सापडलेलं ते बोट. महिनाभर पट्ट्या मीच बदलल्या होत्या. मागे वळून पाहिलं. माझा थोरला तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

"कुणाचा आहे, ओळखता?" साहेबांनी विचारलं.

"न ओळखायला काय झालं? माझ्याच पोटचा आहे. पण घर माझ्या नावावर आहे आणि मी अजून जिवंत आहे. एकोणतीस करा."

"तक्रार नोंदवायची?"

"घरचं मी घरी बघते. बाईला न विचारता तिच्या नावावर दुसऱ्याचा अंगठा कुणी चालवून घेतला, ते तुम्ही तुमच्याकडे बघा."

साहेबांनी नाव खोडलं. एक होकार कमी पडला, प्रस्ताव तिथेच अडला. तेवढ्यात शेजारचा शिंपी उठला. "माझंही काढा. काकूंनी दिलाय असं सांगितलं, म्हणून मी दिला होता." त्याच्यामागून आणखी सहाजण उठले.

"अर्ज लेखी द्या," साहेब म्हणाले.

घरी अंगणात आल्यावर थोरला म्हणाला, "आई, तिथे लिफ्ट असती. तुझे गुडघे दुखतात म्हणून..."

"माझे गुडघे आहेत. त्यांचं काय करायचं ते मला विचारायचं."

"चुकलं माझं."

"चुकलंच. बस इथे. सातजणांचे अर्ज लिहायचेत. अक्षर चांगलं आहे तुझं, शाळेत उगाच नाही घातलं."

गाद्यांच्या थप्पीवर कागद ठेवून तो लिहायला बसला. शिंपी समोर उकिडवा बसून नाव सांगत होता.

"कारण काय लिहू?" थोरल्यानं विचारलं.

शिंप्यानं माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "घर तुझं आहे. तुझं कारण तू सांग."

शिंपी सांगू लागला. एक पान पुरलं नाही.